मानकऱ्याने फाटक ओलांडू नये

२२ मार्च २०२०, रविवार

माझ्या मुलीने, सोनलने, नववर्षाला दिलेली ही डायरी आजवर कोरी होती, कारण लिहिण्याजोगं काही घडत नव्हतं. आता घडू लागलं आहे. आज जनता कर्फ्यू होता. संध्याकाळी सगळ्यांनी गॅलरीत येऊन थाळ्या वाजवल्या. मी सोसायटीचा सचिव, म्हणून शिट्टी वाजवली.

आमची 'अनुपम छाया' डोंबिवलीत कोपर स्टेशनपासून जवळ आहे. तीन मजले, लिफ्ट नाही. मुलंबाळं ठाण्याच्या टॉवरांत किंवा परदेशात गेली आणि आईबाप इथे राहिले, त्यामुळे इमारतीत जेवढी माणसं त्याच्या दुप्पट दुखरे गुडघे आहेत. या विषाणूचा सर्वांत जास्त धोका म्हाताऱ्यांना आहे म्हणे. त्यांना जपण्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर येऊन पडली. मी स्वतः एकोणसत्तर वर्षांचा आहे, पण ते नागरिक म्हणून. सचिवाला वय नसतं.

जन्मभर जकात नाक्यावर नोकरी केली. अडवणं माझ्या रक्तात आहे.

२५ मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली आणि लगेच फाटक बंद केलं. बाहेरचं कुणी आत नाही, हा पहिला नियम. पहिली अडवली ती रखमाबाई. ती माझ्याकडे, मृणालताईंकडे आणि इमारतीतल्या आणखी दोन घरी स्वयंपाक करते. तिने विचारलं, मग साहेब तुम्ही खाणार काय? मी म्हटलं, माझी काळजी करू नकोस. ती फाटकाबाहेर बराच वेळ उभी राहिली. बहुतेक माझीच काळजी करत असावी.

पिठलं केलं. गाठी झाल्या. गाठी काढून टाकल्यावर पिठलं उरलं नाही.

२९ मार्च, रविवार

पहिल्या मजल्यावरच्या मृणालताई, निवृत्त गाण्याच्या शिक्षिका, यांना दमा आहे. अलीकडे त्यांचा स्वतःच्या स्वयंपाकावरचा विश्वास उडालेला दिसतो. 'जरा चव बघून सांगा' म्हणून रोज डबाभर आमटी-भात वर पाठवतात. चव बघायला एवढं लागत नाही, पण त्यांचं मन मोडवत नाही म्हणून मी संपवतो.

सोनलचा ठाण्याच्या माजिवड्याहून फोन. तिला सातवा महिना चालू आहे. तिने नेहमीचं पुराण लावलं, की बाबा, तुम्हाला डायबेटिस, तुमच्या हृदयात स्टेंट, तुम्ही भाजीला जाऊ नका. मी तिला समजावलं की नळाला नवा पाइप टाकल्यावर गळती कशी होईल. ती गप्प झाली. पटलं असावं.

२ एप्रिल, गुरुवार

स्टेशनजवळ भाजीला ही गर्दी. अंतर राखून उभे राहा असं मी ओरडत होतो, पण ओरडून सांगायला प्रत्येकाच्या जवळ जावं लागत होतं. रुमाल तोंडावरून घसरून गळ्यात आला. शेवटी कोपराने वाट काढून मेथीची शेवटची जुडी मिळवली. मला मेथी आवडत नाही.

परत आलो तर तळमजल्यावरच्या बायजाबाई खिडकीत. ही इमारत त्यांच्या शेतावर उभी आहे. आपली पार्किंगची जागा आहे तिथे त्यांचं भाताचं खळं होतं, आणि तिथे लावलेल्या प्रत्येक गाडीकडे त्या अजून आगंतुकासारख्या बघतात. वय ऐंशीच्या पुढे. माझ्याकडे, मेथीकडे आणि गळ्यातल्या रुमालाकडे बघून त्यांनी सोनलचा नंबर मागितला. लोणच्याचं काही विचारायचं म्हणाल्या. सोनलला लोणचं घालता येतं हे मला माहीत नव्हतं.

७ एप्रिल, मंगळवार

सकाळी पिशवी घेऊन खाली आलो तर फाटकाच्या दोन खांबांमध्ये लाल दोरा. मध्ये लिंबू, खाली नारळ. बायजाबाई बाजूला खुर्ची टाकून बसलेल्या.

"सेकटरी, शीव बांधलीय," त्या म्हणाल्या. "आमचे गावान साथ आली का असंच करतान. पन मानकरी लागतो. तो आत बसला त साथ भायेर रायते. मान तुना दिलाय."

मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे. तसं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं मग, तिसऱ्या मजल्यावरच्या महेंद्र सामंतांना देते. सामंत सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा माझ्याविरुद्ध उभे होते. दिलेला मान नाकारणं हा उद्धटपणा झाला असता, म्हणून मी स्वीकारला.

मानकऱ्याने फाटक ओलांडायचं नाही. ज्याने शीव बांधली त्यानेच सोडायची. भाजी बायजाबाईंचा नातू मयूर ठाकुर्लीहून आणून फाटकावर ठेवील. तेही रीतीत बसतं म्हणे.

१४ एप्रिल, मंगळवार

रीतीचं आणखी एक कलम कळलं. मानकऱ्याने दर मंगळवारी बोटातून रक्ताचा एक थेंब काढायचा. मला जरा रानटी वाटलं, पण माझ्याकडे साखर मोजायचं यंत्र आहेच, त्यावरच काढला. आकडा बायजाबाईंना ओरडून सांगावा लागतो. दोनशे दहा, असं मी जिन्यातून ओरडलो. त्या चुकचुकल्या. देवीला एवढा लागत नाही, दीडशेच्या खाली हवा, म्हणाल्या.

देवी एवढी काटेकोर असेल असं वाटलं नव्हतं.

२६ एप्रिल, अक्षय तृतीया

आमरस केला मृणालताईंनी, सगळ्यांना मिळाला, मला नाही. मानकऱ्याने गोड खायचं नाही. मी विचारलं, पूर्वीच्या मानकऱ्यांना कसं जमायचं. बायजाबाई म्हणाल्या, ते रडायचे.

मी रडलो नाही. सामंत गॅलरीत वाटी घेऊन मुद्दाम माझ्या दिशेला तोंड करून खात होते.

१ मे, शुक्रवार

रखमाबाईची बातमी मयूरने आणली. चाळीत एका खोलीत सहा माणसं, पाण्याला एकच नळ, नळावर झुंबड, आणि चारही घरची कामं बंद. चारपैकी एक घर माझं आणि बाकी तिघांना नियम माझा. हे वाचून बघतो आहे तर बरं वाटत नाही. आपण इमारतीतल्या म्हाताऱ्यांना जपत होतो आणि ती आपल्या हिशेबात कुठेच नव्हती.

पण नियम एकदा केल्यावर सचिवाने कसा मोडायचा? मी दिवसभर तळमळलो. संध्याकाळी बायजाबाईंकडे गेलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, मानकऱ्याने स्वयंपाक कुणाच्या हातचा खायचा, याबद्दल रीत काही सांगते का. त्या म्हणाल्या, सांगते की. शीवेच्या आत राहणाऱ्या बाईच्या हातचा.

त्यांची मागची खोली रिकामीच आहे. रखमाबाई उद्या राहायला येते. रीतीपुढे नियमाचं काही चालत नाही, अशी नोटीस मी लावली.

१२ मे, मंगळवार

थेंब एकशे बावन्न. रखमाबाईची भाकरी आणि बिनसाखरेचा चहा यांचा हा परिणाम असेल का? विज्ञाननिष्ठ माणसाने योगायोगही नोंदवावा.

सोनलचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आज मंगळवार. थेंब किती आला?" मी चकित झालो. म्हणजे माजिवड्यातही ही रीत आहे. पूर्वी सगळी गावंच होती ना.

२८ मे, गुरुवार

मुलगी झाली. दोघीही सुखरूप. सान्वी ठेवायचं ठरलंय. फोनवर तिचं रडणं ऐकलं. आवाज खणखणीत आहे, आमच्या घराण्याचा.

कपाटातून कुंची काढली. आमच्या हिने, सोनलच्या आईने, जाण्याआधीच्या वर्षी शिवली होती, हिरवी खणाची, लाल काठ लावून. तेव्हा सोनलचं लग्नही ठरलं नव्हतं. मी हसलो होतो, आत्तापासून कसली तयारी करतेस म्हणून. ती म्हणाली होती, बारशाला तुम्ही घाला नातवंडाच्या डोक्यावर, मी असले-नसले तरी. मला ते आज फार लागलं. उद्या निघतो. बारशाला आजोबा हवाच.

२९ मे, शुक्रवार

मयूरने मोबाइलवरून प्रवासाच्या परवानगीसाठी अर्ज केला आहे. परवानगी आली की जायचं.

४ जून, गुरुवार

परवानगी आली, टॅक्सी आली. मी इस्त्रीचा सदरा घालून, कुंची आणि गुळपापडीचा डबा घेऊन खाली आलो. बायजाबाई दोऱ्याच्या या बाजूला खुर्चीत बसल्या होत्या. मला वाटलं आता भांडतील. मी भांडणाची तयारी करून आलो होतो. तीन मुद्दे काढले होते.

त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "जा. तुजी नात हाय ती. पन शीव मोडून जो भायेर जातो ना सेकटरी, साथ त्याचेच पाठी लागते. तो जाल त्या घरान ती जाल. तू बालाजवल चाललास, तुना ठाव."

माझा एकही मुद्दा त्याला लागू पडत नव्हता. टॅक्सीवाला, वाटेत माणसांनी भरलेला माजिवड्याचा नाका, आणि शेवटी ते एवढंसं बाळ. मी विज्ञाननिष्ठ असल्यामुळे मला त्यांच्या म्हणण्यातलं विज्ञान दिसलं. टॅक्सी परत पाठवली. जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबलो. लोकांना वाटलं धाप लागली.

गुळपापडी सामंतांना दिली. ती वाया गेली असंच म्हणायला हवं.

८ जून, सोमवार

बारसं मोबाइलवर झालं. सोनलने फोन पाळण्यात ठेवला, म्हणजे सान्वीच्या कानात मी 'कुर्र' केलं तर तिला ऐकू जावं. तिने लाथ मारली. पुढचं बारसं मी खोलीच्या छताकडे बघत काढलं.

४ जुलै, शनिवार

आकडे वाढले म्हणून कल्याण-डोंबिवलीत पुन्हा सगळं कडक बंद. मागच्या गल्लीतले दोघे गेले. दोघेही पासष्टच्या वरचे, दोघेही रोज भाजीला जाणारे. एकाला मी चेहऱ्याने ओळखत होतो. एप्रिलमध्ये मेथीच्या जुडीवर माझ्याइतकाच हक्क सांगणारा तोच.

मी आज फाटकाकडे गेलो आणि दोरा नीट ताणून बांधला.

२२ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

गणपती मोबाइलवर, आरती मोबाइलवर, मोदक समोर, पण मला बंदी. सान्वी आता मान धरते. तिचं डोकं मोठं होत चाललंय असं मी सोनलला म्हटलं. ती रागावली. मला कुंचीच्या मापाची काळजी आहे, हे तिला कसं सांगणार.

मंगळवारचा थेंब मात्र एकशे तीस. गेल्या दहा वर्षांत नव्हता एवढा कमी. शास्त्रज्ञांनी या रीतीचा अभ्यास करायला हवा.

९ सप्टेंबर, बुधवार

बायजाबाईंना ताप आहे. चौकशी केल्यावर कळलं की त्या गेला आठवडाभर गुपचूप मागच्या दाराने कोळणीकडे जात होत्या. ताजे बोंबील आले होते. मी म्हटलं, बायजाबाई, शीव? त्या म्हणाल्या, शीव माणसाला असते, मासळीला नसते. हे कलम मला पहिल्यांदाच कळत होतं.

११ सप्टेंबर, शुक्रवार

रुग्णवाहिका आली. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं आली, त्यांचे डोळेच तेवढे दिसत होते. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघत होतो, रखमाबाई पदर तोंडात धरून उभी होती. रखमाबाईची तपासणी करायची आहे. बायजाबाई स्वतः चालत गाडीकडे गेल्या. फाटकाशी थांबल्या. वर बघून म्हणाल्या, "सेकटरी, मी आलेबिगर शीव सोरू नको." मग दोऱ्याखालून वाकून गेल्या. दोरा त्यांच्या पाठीला लागून हलत राहिला.

मी शिट्टी वाजवली. का वाजवली, माहीत नाही. दुसरं काही सुचलं नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार

रखमाबाईला कोरोना झालेला नाही. पण तिला स्वयंपाकाला हात लावायचा नाही, मागच्या खोलीतच राहायचं आहे. आज पिठलं मी केलं, तिच्यासाठी. गाठी झाल्या. मी खिडकीत वाटी ठेवली आणि म्हटलं, जरा चव बघून सांग. तिने सगळं संपवलं. मृणालताईंचं ते आमटीचं आज एकदम माझ्या लक्षात आलं. त्यांनाही तेव्हा असंच कुणीतरी चव बघायला हवं होतं, एकट्या राहतात बिचाऱ्या.

१९ सप्टेंबर, शनिवार

बायजाबाईंना ऑक्सिजन लावला आहे. मयूर रोज फाटकाबाहेर येऊन सांगतो. "काका, टेन्शन नका घेऊ, आजी कडक आहे," असं तो म्हणतो, आणि मग मोबाइल बघायच्या निमित्ताने तोंड फिरवतो.

खुर्ची फाटकाशी नेली आणि तिथेच बसलो. मला भीती वाटते आहे. लिहून ठेवतो म्हणजे जरा कमी होईल. आमची ही गेली तेव्हा मी इस्पितळाचे फॉर्म भरायला धावत होतो, बसलो नव्हतो. या वेळी कुठे धावायचं नाही, आपलं काम बसायचं आहे, तर नीट बसावं.

२७ सप्टेंबर, रविवार

सगळं बऱ्यापैकी उघडलं आहे. सामंत फिरायला जातात, दोऱ्याखालून वाकताना त्यांची पाठ धरते याचं मला समाधान आहे.

सोनल म्हणाली, "बाबा, आता या. गाडी पाठवते, काच बंद करून या. बायजाआजींनाही तेच वाटेल."

मी म्हटलं, बांधणारी आत नसताना मानकऱ्याने शीव सोडायची नसते.

"असं कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, असल्या गोष्टी सांगाव्या लागतात का. ती म्हणाली, बाबा, अहो तसं काही नसतं, ते सगळं आम्ही... आणि तिचा आवाज फुटला. नेटवर्क आमच्याकडे असंच आहे.

मी गेलो आणि त्या तिथे एकट्या, असं मला होऊ द्यायचं नाही. यात श्रद्धा वगैरे काही नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार

थेंब काढला. एकशे अठ्ठावीस. सवयीने जिन्यातून ओरडलो. खालून कुणी चुकचुकलं नाही. नंतर मृणालताई पहिल्या मजल्यावरून म्हणाल्या, छान. पण त्यांना ते जमत नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

आल्या. मयूरच्या गाडीतून उतरल्या तर निम्म्या राहिलेल्या. रखमाबाईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आवाज खोल गेलाय, पण पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघायची नजर तीच आहे.

मी मास्क लावून लांब उभा राहिलो आणि सांगितलं, शीव शाबूत आहे, आता रीतीप्रमाणे सोडा.

"कसली शीव?" त्या म्हणाल्या. मग हसायला लागल्या. "आरं सेकटरी, आमचे गावान असली रीत कवाच नव्हती. तू मेथीपायी मरायला निंगालेलास. तुजी पोर फोनवर रडली, मंग आमी दोघींनी मिलून तुना घरान बसवला."

हसता हसता त्यांना खोकला आला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी वाद घातला नाही. या आजाराने स्मरणशक्तीवर परिणाम होतो, असं मी वाचलं आहे. त्यांना फक्त एवढंच विचारलं, मग बोटातला थेंब? आमरस? मागची खोली? एवढी बारीकसारीक कलमं कुणी मनाने रचतं का?

त्यांनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, बरं, दसऱ्याला सोडू.

हळूहळू आठवेल त्यांना.

२५ ऑक्टोबर, दसरा. माजिवडा

सकाळी सगळी इमारत फाटकाशी जमली. बायजाबाईंनी दोरा सोडला, नारळ माझ्याकडून फोडून घेतला. त्यांना तो फोडण्याची ताकद अजून नाही. मी पहिला तुकडा सामंतांना दिला, कारण जिंकल्यावर माणसाने मोठ्या मनाचं व्हावं. मृणालताईंनी आपट्याची पानं दिली. बायजाबाईंनी मला हाताने मागे ढकललं, म्हणजे फाटकाच्या बाहेर. सीमोल्लंघन झालं.

इथे सोनलने दार उघडलं आणि सान्वीला माझ्याकडे दिलं. मी हात धुतले होते, पण तेवढ्यात तिने माझा मास्क ओढला. कुंची काढली. बसली नाही. तिच्या डोक्यावर वाटीएवढी उभी राहते आणि पडते. सोनल म्हणाली, बाबा, उशीर झाला. मी म्हटलं, झाला खरा, पण मी आलोय ना. सान्वीने कुंची तोंडात घातली आणि लाल काठ चोखून ओला केला. आमच्या हिने पाहिलं असतं तर म्हणाली असती, बघा, शिवली ती कामाला आली.

श्रीखंड वाढलं. शीव सुटली, म्हणून मी दोन वाट्या घेतल्या. तिसरी घेणार तेवढ्यात बायजाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, शीव सुटली तरी मंगळवार सुटत नसतो, परवा थेंब काढायचा आहे.

मला माहीत होतं, त्यांना आठवेल.